दुकानाचं नाव असलेली बंदूक

जव्हार तालुक्यातल्या वांगणीच्या बाजूला एका घरात, भाताच्या कणगीला टेकवून ठेवलेली एक लांबट पेटी मी पाहिली. बाहेरून जाड चामडं, कोपऱ्यांना पितळ, आत लाल बनात. बनातीवर कसरीनं नक्षी काढली होती, पण आतले कप्पे शाबूत होते. एक लांब आणि अरुंद, नळ्यांसाठी. एक खाली रुंद होत गेलेला, दस्त्यासाठी. बाकीचे लहान चौकोन गजाचे तुकडे, तेलाची कुपी आणि काडतुसं ठेवायला. बंदूक मात्र नव्हती. नळ्यांच्या कप्प्यात सातबाराचे उतारे गुंडाळून ठेवले होते, दस्त्याच्या जागी रेशनकार्ड आणि मुलीचा जातीचा दाखला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळा पडलेला छापील कागद चिकटवलेला होता. त्यावर लंडनमधल्या व्हिक्टोरिया स्ट्रीटचा पत्ता आणि एका दुकानाचं नाव होतं: आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी, लिमिटेड.

घरातल्या आजोबांना पेटीबद्दल एवढंच ठाऊक होतं की त्यांच्या आज्यानं एका साहेबाबरोबर रानात पुष्कळ दिवस काढले होते. जाताना साहेबानं बंदूक नेली आणि पेटी दिली.

हे पुस्तक त्या पेटीमुळे लिहिलं गेलं. त्याचा विषय आहे दुकानांनी विकलेल्या जुन्या बंदुका. राजवाड्यातल्या सोन्याच्या नक्षीच्या बंदुका नाहीत, की लढायांत गाजलेल्या तोफाही नाहीत. छत्र्या, तंबू, मुरंबा आणि बूटपॉलिश विकणाऱ्या दुकानाच्या एका विभागात ज्यांच्यावर किमतीची चिठ्ठी लटकत होती, त्या बंदुका. मराठीत शस्त्रांवर लिहिलं गेलेलं बरंचसं लेखन तलवार, दांडपट्टा, तोफ आणि गड यांच्याभोवती फिरतं, आणि ते स्वाभाविक आहे. खंडेनवमीला आपण शस्त्रं पूजतो ती पराक्रमाची आठवण म्हणून. दुकानातून पावती घेऊन आणलेल्या बंदुकीला त्या पूजेत जागा असते, इतिहासात नसते. मला ती जागा द्यावीशी वाटते, कारण ही बंदूक पराक्रमापेक्षा वेगळी गोष्ट सांगते. कोण गिऱ्हाईक होऊ शकत होता आणि कोण नाही, हे ती सांगते.

आणि हे वांगणीत बसून लिहिताना तर ते टाळताच येत नाही. महाराष्ट्राला हे नाव कळलं ते १९९२-९३ च्या सुमारास, वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा. ज्या दुकानाच्या यादीत बाळाच्या दुधाच्या बाटलीपासून थडग्यावरच्या दगडापर्यंत सगळं मिळत होतं, त्या दुकानाची पेटी या गावाच्या आसपास निघावी आणि त्यात कागदांखेरीज काही नसावं, हे मी पुष्कळ दिवस मनातून काढू शकलो नाही.

दुकानाची हकीकत अशी. १८७१ साली लंडनमध्ये काही लष्करी आणि आरमारी अधिकारी एकत्र आले. मद्य पेट्यांनी घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं, एवढ्या साध्या हिशेबातून त्यांनी सहकारी सोसायटी काढली. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया स्ट्रीटवर दुकान उघडलं. सुरुवातीचा माल किराणा आणि मद्य, मग शिंपी, मग औषधं, मग प्रवासाचं सामान, मग बंदुका. नफा हा हेतू नसून सभासदांना रास्त भावात माल मिळावा हा हेतू, असं सोसायटीचं म्हणणं होतं. तिची किंमतयादी हजारावर पानांची असे आणि तिच्या शीर्षकात किमतींच्या आधी सोसायटीचे नियम येत. अधिकारी हिंदुस्थानात, मग दुकानही त्यांच्या मागोमाग आलं. मुंबईची शाखा १८९१ साली आणि कलकत्त्याची १९०१ साली उघडली. मुंबईची इमारत काळा घोड्याजवळ आजही उभी आहे. एका अंगाला डेव्हिड ससून ग्रंथालय आणि दुसऱ्या अंगाला जुनं वॉटसन हॉटेल. खाली आजही कपड्यांचं मोठं दुकान चालतं. आत शिरणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की याच छपराखाली कधी काळी दुनळी बंदूक, शिकारी रायफल, काडतुसांचे डबे आणि सोला टोपी एकाच बिलात घेता येत होती.

इथे संग्राहकाच्या कामाची एक गोष्ट येते. १९१८ पर्यंत हे दुकान सर्वांसाठी खुलं नव्हतं. खरेदीला सभासदत्वाचं तिकीट लागे आणि मागणीपत्रावर तिकिटाचा क्रमांक लिहावा लागे. म्हणजे त्या काळातल्या प्रत्येक बंदुकीमागे एक क्रमांक आणि क्रमांकामागे एक माणूस होता. दुकान बंदुकांची स्वतंत्र खातेवही ठेवत असे. १९७३ मध्ये हाउस ऑफ फ्रेझर या कंपनीनं आर्मी अँड नेव्ही विकत घेतलं, आणि पुढे त्या कंपनीच्या दप्तराबरोबर या वह्याही ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात गेल्या. नळीवरचा क्रमांक ठाऊक असेल तर ती बंदूक कधी विकली गेली हे तिथे शोधता येतं. लोखंड कितीही गंजलं तरी वहीतली ओळ गंजत नाही. ज्याला या वस्तूंचा खरा नाद लागतो तो अखेरीस बंदुका कमी आणि कागद जास्त जमवतो, असा माझा अनुभव आहे.

या बंदुका दुकानानं घडवलेल्या नव्हत्या, हेही आधीच सांगितलेलं बरं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून, वेब्ली अँड स्कॉटसारख्यांकडून, तयार माल घ्यायचा आणि दोन नळ्यांमधल्या पट्टीवर आपलं नाव कोरून घ्यायचं, हा त्या धंद्यातला सरसकट रिवाज होता. अधिकाऱ्याला स्वतःचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशानं घ्यावं लागे. म्हणून वेब्लीची रिव्हॉल्व्हरं दुकानाच्या नावानिशी हजारो हातांत गेली. श्रीमंत संग्राहक अशा मालाकडे नाक मुरडतात. त्यांना पर्डी हवी, हॉलंड अँड हॉलंड हवी, कारागिराचं नाव हवं. माझं मत उलटं आहे. कारागिराच्या नावाची बंदूक एका कुशल हाताची साक्ष देते, पण दुकानाच्या नावाची बंदूक अख्ख्या व्यवस्थेची साक्ष देते. कोणाचा पगार किती, कोण सुटीत कुठे जात होता, कोणाला परवाना लागत होता आणि कोणाला नाही, हे सगळं तिच्यातून वाचता येतं.

परवान्याचा मुद्दा निघाला म्हणजे १८७८ चा शस्त्र कायदा आला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतला हा कायदा. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. परवान्याशिवाय हिंदी माणसाला शस्त्र ठेवता येईना. गोऱ्यांना आणि काही दर्जाच्या मंडळींना मात्र सूट होती. काँग्रेसनं सुरुवातीच्या वर्षांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि त्या ठरावांमागची चीड समजून घ्यायची तर काळा घोड्याच्या दुकानाचा काउंटर डोळ्यांपुढे आणावा. एका बाजूला बोटीतून नुकताच उतरलेला पंचविशीतला लेफ्टनंट, तिकिटाचा क्रमांक सांगून बारा बोअरची दुनळी खांद्याला लावून पाहणारा. दुसऱ्या बाजूला त्याच शहरात जन्मलेला आणि त्याच शहरात कर भरणारा माणूस. त्याला त्या काउंटरपर्यंत पोचण्याआधी सरकारी कचेरीच्या किती पायऱ्या चढाव्या लागत!

त्या काळात बंदूक दुसऱ्या वाटेनंही आली, आणि ती वाट आपल्या अगदी शेजारून गेली. मोखाड्याचा घाट चढला की त्र्यंबक आणि त्यापुढे नाशिक. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदलून जाणाऱ्या कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी तो ठरला होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी ज्या ब्राउनिंग पिस्तुलानं जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं. ती चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, खोट्या तळाच्या पेटीतून मुंबईला उतरली होती. तशीच कारखान्यात बनलेली, तशीच क्रमांक कोरलेली, पण तिकीट आणि पावतीविना आलेली. पाच वर्षांनी, २६ ऑगस्ट १९१४ रोजी, कलकत्त्यात रॉडा या बंदूकविक्रेत्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं गायब केली. दुकान, गोदी, मालाची पेटी आणि पावती ही साखळी कुठे तोडता येते हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मी संग्रहाच्या पुस्तकात ही प्रकरणं मुद्दाम घेतली आहेत. एकाच मालाच्या या दोन वाटा शेजारी ठेवल्याशिवाय त्यातली एकही नीट दिसत नाही.

सरकारच्या भीतीनं बंदुकीचा आकारसुद्धा बदलला, हे वाचकाला कदाचित नवलाचं वाटेल. मार्टिनी-हेन्री ही फौजेची जुनी रायफल .४५० मापाची. शिकाऱ्यांच्या मोठ्या दुनळी रायफलीही त्याच मापाच्या. दुकानातल्या शिकारी मालामधून बंडखोरांच्या जुन्या रायफलींना गोळी मिळेल, या धास्तीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारनं ते माप हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. इंग्लंडचे बंदूकवाले अडचणीत आले, कारण वाघ आणि गवा यांच्यासाठी रायफली घेणारं मोठं गिऱ्हाईक इथेच होतं. मग .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापं बाजारात आली. आज लिलावात ‘.४७० नायट्रो’ म्हणून जिचा भाव लाखांत जातो, तिच्या चलतीमागे हिंदुस्थानातल्या बंडाची भीती आहे. फौजेची गोळी खाजगी बंदुकीत चालता कामा नये हा विचार स्वातंत्र्यानंतरही टिकला. आपल्या सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३०३ ऐवजी .३१५ मापाची रायफल काढली, ती याच विचारातून.

दुकानाच्या नावाच्या बंदुका जमवण्याचा छंद सर्वांत फोफावला तो अमेरिकेत. तिथली सीअर्स ही कंपनी टपालानं घरपोच माल पाठवी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या बंदुका जे. सी. हिगिन्स या नावानं विकल्या जात, आणि साठीच्या दशकात बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्या नावानं. माँटगोमेरी वॉर्डचं नाव वेस्टर्न फील्ड. आत माल मार्लिन, मॉसबर्ग, हाय स्टँडर्ड अशा कारखान्यांचा. मॉडेल क्रमांकाच्या सुरुवातीचे तीन आकडे पाहून संग्राहक मूळ कारखाना ओळखतात, ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून शिकागोच्या एका दुकानातून टपालानं मागवलेल्या रायफलीनं झाला. १९६८ च्या कायद्यानं टपालानं बंदूक मागवणं बंद केलं आणि प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा केला. त्याआधीच्या कित्येक स्वस्त बंदुकांवर क्रमांकच नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला कोंबड्या राखायला मिळालेली ती बंदूक आता नातवंडं शोधत असतात, आणि त्यांचा हळवेपणा मला कळतो. पण आपल्याकडे तशी आठवण कोणाच्या घरी असणार? इथल्या रानात तिरकमठा होता, गलोल होती, फासे आणि जाळी होती. बंदूक आली ती साहेबाची, नाहीतर शिपायाची. रानातल्या माणसाचा तिच्याशी संबंध हाका घालण्यापुरता, सावज पेलण्यापुरता आणि पेटी वाहण्यापुरता.

एक अपवाद सांगतो, तो माझ्या फार आवडीचा आहे. मुंबईच्या खेतवाडीत वाढणाऱ्या एका मुलाला मामांनी खेळण्यातली हवाबंदूक दिली होती. तिनं त्यानं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणं योग्य की नाही, या शंकेनं तो मामांकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी शिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासदही. त्यांनी त्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १८८३ मध्ये स्थापन झालेली ती सोसायटी पुष्कळ वर्षं फिप्सन यांच्या मद्याच्या पेढीच्या जागेत चालली, हाही एक योगायोग. एका दुकानानं मद्यापासून सुरुवात करून बंदुका विकल्या, आणि दुसऱ्या दुकानाच्या आडोशाला पक्ष्यांचं शास्त्र वाढलं. सालिम अली यांनी त्या चिमणीला आत्मचरित्राच्या नावात जागा दिली.

आता ज्यांच्या घरात अशी वस्तू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. वाचायला सुरुवात पट्टीपासून करावी. नावापुढे ‘सी. एस. एल.’ ही अक्षरं असतील तर बंदूक १९३४ च्या आधीची, कारण त्या वर्षी सोसायटीची साधी कंपनी झाली आणि ‘को-ऑपरेटिव्ह’ हा शब्द गळला. मग बंदूक बिजागरीवर उघडून नळ्यांची खालची सपाट बाजू पाहावी. तिथे प्रूफचे शिक्के असतात. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा आणि ती टिकली तरच शिक्का मारायचा, ही त्यामागची पद्धत. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हे काम करतं. ‘नॉट फॉर बॉल’ असं कोरलेलं असेल तर नळी १८७५ ते १८८७ या काळातली. पुढे तोंडाशी आवळत गेलेली ही नळी छऱ्यांसाठी आहे, तिच्यात सबंध गोळी घालू नये, असा तो इशारा. नळीवर पाण्यात तेल पसरावं तशी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस पद्धतीची. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून आणि तापवून ठोकून केलेली.

अशी नळी पाहून हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे. तरी विनवणी करून सांगतो, तिच्यात आजचं काडतूस घालू नका. जुन्या बारा बोअरच्या बंदुकीचं घर अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं. आजची काडतुसं साधारण ७० मिलिमीटरची. ते आत बसतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. बार उडताना त्याचं मिटलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. शंभर वर्षांचा गंज आतून खात आलेली नळी तो दाब सोसेलच असं नाही, आणि तिच्याखाली आपला डावा हात असतो. आणखी एक. लिंबू, विटेची भुकटी, पॉलिश पेपर, यांपैकी काहीही लावू नका. घासून चकचकीत केलेल्या नळीवरून दुकानाचं नाव आणि शिक्के पुसले जातात, मग उरतं ते निव्वळ लोखंड. मऊ फडकं आणि हलकं तेल, एवढं पुरे.

कायदाही नीट समजून घ्यावा. ‘जुनी आहे, मग परवाना कशाला’ असं पुष्कळजण धरून चालतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे. पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. १९०० सालची दुनळी आजही काडतूस घेते, म्हणून ती त्या सवलतीत बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि वरची बंदूक जमा करावी लागली. सार्वजनिक सुरक्षेचा विचार मला मान्य आहे. पण वारसानं आलेली, कधीच न उडणारी बंदूक जमा करताना तिचा क्रमांक, तिच्यावरची अक्षरं आणि तिची पेटी यांची नोंद करून ठेवायला कोणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आधी प्रत्येक बाजूचा फोटो काढावा, शिक्के कागदावर शिसपेन्सिलीनं उमटवून घ्यावेत आणि जुना परवाना जपावा. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं. शंका असेल तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावं. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

शिकारीबद्दल मी या पुस्तकात फार लिहिलेलं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि ते प्रकरण संपलं, संपायलाच हवं होतं. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात बंदुका आणि पेंढा भरलेली जनावरं एकाच छताखाली पाहायला मिळतात. ज्याला तो काळ पाहायचा आहे त्यानं तिथे जाऊन दोन्ही पाहावं.

पेटीकडे परत येतो. दुसऱ्या खेपेला मी भिंग आणि विजेरी घेऊन गेलो. आजोबांनी कागद एकेक करून बाहेर काढले, आधी सातबारा, मग दाखला, आणि पुसून स्वच्छ केलेल्या जमिनीवर ओळीनं मांडले. झाकणावर चामड्यात तीन इंग्रजी अक्षरं दाबून उठवलेली होती, साहेबाच्या नावाची. छापील कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पिवळ्या डागाखाली शाईनं लिहिलेले पाच आकडे दिसले. बंदुकीचा क्रमांक असाच तिथे लिहीत. चौथा आकडा तीन की आठ हे ठरेना. आजोबांच्या नातीनं, त्याच दाखल्यावर जिचं नाव होतं तिनं, विजेरी तिरकी धरली आणि म्हणाली, ‘आठच हाय, बगा ना, पोट मिटलंय त्याचा.’

मी आठ लिहून घेतला. ग्लासगोला पाठवायच्या पत्रात साहेबाची अक्षरं आणि क्रमांक घातला. शिवाय ही पेटी आज कोणाच्या घरी आहे, कोणत्या गावाजवळ आहे आणि ती कोणाच्या आज्याला मिळाली होती, हे आजोबांना विचारून, त्यांच्या परवानगीनं खाली लिहिलं. वहीत त्या ओळीपुढे जागा असेल तर ते तिथे नोंदवावं, अशी विनंती केली आहे.